कमलच्या अंगावरचे डाग

रक्त कुठं बनतं, असं विचारलं की दहातले नऊ जण छातीवर हात ठेवतात. उरलेला पोटावर ठेवतो, कारण त्याला कुणीतरी बीट खायला सांगितलेलं असतं. जबलपूरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीत मी सगळी नोकरी काढली. रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं, एवढंच माझं काम. त्यात नाना तऱ्हेची माणसं भेटली. आखाड्यातून आलेला एक पहिलवान बोटाला सुई टोचताच बाकावरून घरंगळला आणि शुद्धीवर आल्यावर हात जोडून म्हणाला, "ये बात बाहर नहीं जानी चाहिए, भैया." भेडाघाटच्या एका मूर्ती घडवणाऱ्याची बायको तपासणी झाल्यावर पिशवीतून डबा काढून म्हणाली, "जो बच गया वो वापस दे दो." मी नाही म्हटल्यावर ती माझ्याशी भांडली. तिचंही अगदी चुकत होतं असं नाही.

दिवाळी अंकासाठी 'लॅबमधल्या गमतीजमती' लिहून द्या, असं आमच्या मंडळाच्या बाईंनी सांगितलं होतं. गमती एवढ्याच. आता पुढे जे लिहितो आहे ते त्यांनी मागितलेलं नाही. कुणी मागेल म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली, कुणी मागितलं नाही, म्हणून न मागता देतो आहे.

आधी धंद्यातली गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. रक्त हृदयात बनत नाही. हृदय नुसतं ढकलायचं काम करतं. रक्त बनतं हाडांच्या आत. मटण खाणाऱ्यांना नळी चोखताना जो मऊ गर मिळतो तो मगज, डॉक्टरी भाषेत अस्थिमज्जा. लहानपणी सगळ्याच हाडांतून रक्त बनत असतं. मोठेपणी छातीचं मधलं हाड, बरगड्या, कमरेची हाडं, मणके अशा ठिकाणीच ते काम चालू राहतं. त्या मगजात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स अशी तिन्ही मंडळी तयार होतात.

हल्ली डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द घरोघरी झाला आहे. काउंट खाली आला की लोक पपईची पानं शोधत फिरतात. माझ्या तरुणपणी हा शब्द रोग्यांनी ऐकलेलाही नसे. प्लेटलेट म्हणजे पूर्ण पेशी नव्हेच, तो एका पेशीचा तुकडा असतो. मगजात एक राक्षसी आकाराची पेशी असते. मायक्रोस्कोपखाली इतर पेशी जर वाटाणे असतील तर ही मोठ्या बटाट्याएवढी दिसते. ती मगजातल्या बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते, भिंतीच्या फटीतून आपल्या अंगाचे लांब धागे आत सोडते, आणि वाहत्या रक्तानं त्या धाग्यांचे तुकडे तुटत जातात. ते तुकडे म्हणजे प्लेटलेट्स. एकेका मोठ्या पेशीतून हजारोंनी निघतात. देऊन देऊन ती पेशी संपते आणि तिच्या जागी दुसरी तयार होते. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. तेवढ्या दिवसांत आपल्याला किती ठिकाणी खरचटतं, किती बारीक वाहिन्या आतल्या आत उसवतात, ते आपल्याला कळतही नाही, कारण हे तुकडे तिथे जाऊन चिकटतात आणि भोक बुजवतात. फुप्फुसांतही थोड्या बनतात असं आता म्हणतात, माझ्या मुलीनं परवा वाचून दाखवलं. असेल. माझ्या काळी आम्हाला हाडच माहीत होतं.

भोकं बुजवणारं कुणी नसेल तर काय होतं? माणूस नुसता पलंगाच्या कडेला टेकला तरी निळं पडतं. झोपेत कूस बदलली तरी डाग उठतो. दात घासताना रक्त येतं. आणि ती जर बाई असेल, तर सगळे तिच्या नवऱ्याकडे बघतात.

कमल राऊत माझ्या लॅबमध्ये आली ते एकाहत्तरच्या लढाईच्या सुरुवातीला. त्या वर्षी सगळं जबलपूर फॅक्टऱ्यांच्या भोंग्यावर चालत होतं. पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा पूर येई. आमच्यासारखी विदर्भाकडून आलेली मराठी घरं बहुतेक फॅक्टरीत, रेल्वेत नाहीतर सरकारी कचेरीत होती. कमलचा नवरा मधुकर एका फॅक्टरीत टर्नर होता, लेथवर. ओव्हरटाइममुळे तो घरी फक्त झोपायला येत असे. त्यांना तीन वर्षांची मुलगी होती, नंदा. कमल स्वतःही कामाला जात होती. कांचघर वस्तीच्या पलीकडे एका सेठचा टिनाचा शेड होता. तिथे लष्करासाठी रबर चढवलेल्या कॅनव्हासची कव्हरं बनत. पंधरा-वीस बाया जमिनीवर बसून ब्रशनं ते चिकट द्रावण लावायच्या. पंक्चरवाल्याच्या दुकानात जे 'सुलेशन' असतं, तेच, पण पिंपानं.

तिला घेऊन आला तिचा मोठा भाऊ दिनकर. रेल्वेत फिटर होता, रुंद खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. कमलच्या नाकातून सकाळपासून रक्त येत होतं. पदराचा बोळा लाल झाला होता. दिनकर लॅबच्या दारातूनच ओरडला, "भाऊ, आधी हिच्या अंगावरचे डाग लिहून घ्या. केस करायची आहे मला."

मी म्हटलं, "डाग लिहायचं काम माझं नाही. मी रक्त काढतो."

"मग जो लिहितो त्याला बोलवा. नवऱ्यानं हाणलं आहे तिला. दिवाळीपासून हेच चालू आहे."

कमल बाकावर बसली होती. बोळा नाकाला धरूनच, अगदी थकलेल्या आवाजात म्हणाली, "त्यांनी नाही मारलं, दादा. काहून तेच ते बोलून राहिला?"

"चूप बस तू," दिनकर म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, "पाहा. अजून पाठीशी घालून राहिली त्याला."

सगळी हकिगत मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. दिवाळीला कमल माहेरी आली. पहिल्या आंघोळीला वहिनी तिच्या पाठीला तेल लावायला बसली आणि तिनं पाहिलं, तर पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर निळे-जांभळे डाग. काही हिरवट पडलेले जुने, काही ताजे. वहिनीनं दिनकरला सांगितलं. त्यानं बहिणीला विचारलं. ती म्हणाली, कशानं पडतात ते मलाच समजत नाही. हे उत्तर कुणाला पटणार? आणि दोष तरी कुणाला द्यावा? मार खाणाऱ्या बायाही हेच सांगतात. न्हाणीत पडले, पायरीवरून घसरले, कळलंच नाही. आमच्या हॉस्पिटलात अशा कितीतरी बाया येत. त्या खोटं बोलायच्या आणि सगळे ते मुकाट्यानं खरं धरायचे. कमल खरं बोलली, ते सगळ्यांनी खोटं धरलं.

दिनकर दोन मित्र घेऊन फॅक्टरीच्या सायकल स्टँडवर गेला. पाळी सुटल्यावर मधुकर सायकल काढत होता. त्याला काही विचारलं नाही. तो खाली पडला तेव्हा कुणीतरी त्याच्या उजव्या मनगटावर पाय दिला. हाड मोडलं, आणि पुढे जुळलं ते वाकडं. लेथचं हँडल आता त्याच्यानं धरवत नव्हतं. लढाईच्या तोंडावर फॅक्टरीला टर्नर हवे होते, पण दोन्ही हातांचे. त्याला स्टोअरमध्ये खोकी मोजायला टाकलं. क्वार्टरच्या ओळीत बायकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. कमल आणि नंदा माहेरीच राहिल्या.

आणि माहेरीही तिला डाग पडतच राहिले. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हात प्लास्टरमध्ये, आणि बहिणीच्या अंगावर नवे डाग. इथे तरी कुणाच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. दिनकरनं निष्कर्ष काढला की ती शेडवर कामाला जाते तेव्हा नवरा रस्त्यात गाठून मारत असणार.

मी तिच्या बोटाला सुई टोचली. थेंब घेतला, कापूस लावला. दुसऱ्या रोग्याचं काम उरकून आलो, तरी कापसातून रक्त येतच होतं. काच रंगवून मायक्रोस्कोपखाली धरली. निरोगी माणसाच्या रक्तात तांबड्या पेशींच्या मधेमधे प्लेटलेट्स जांभळ्या भुकटीसारख्या विखुरलेल्या दिसतात. मी काच सरकवत राहिलो, सरकवत राहिलो. कुठेतरी एखादी दिसे. तांबड्या पेशी कमी, पांढऱ्याही कमी. मी काच उचलली आणि डॉक्टर तिवारींकडे गेलो.

डॉक्टर तिवारी आमचे पॅथॉलॉजिस्ट. बुटके, चिडके, सदा ॲसिडिटीनं हैराण. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हड्डी से निकालना पड़ेगा." कमलला वॉर्डात भरती करून घेतलं.

छातीच्या मधल्या हाडातून मगज काढायचा म्हणजे जाड, आखूड सुई कातडी बधिर करून हाडावर टेकवायची आणि पिळत पिळत आत न्यायची. हाडाची वरची कवची भेदली की हाताला एकदम सैल लागतं. तिथपर्यंत रोगी सहन करतो. खरी कळ नंतर येते, पिचकारीनं ओढताना. त्याला बधिर करायचं औषध नाही. मी कमलचे खांदे धरून उभा होतो. डॉक्टरांनी ओढलं तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले, पण ओरडली नाही.

पट्टी बांधत असताना तिनं मला विचारलं, "हाडातून काहून काढलं, भाऊ?"

मी वर जे लिहिलं आहे ते तिला सोप्या भाषेत सांगितलं. रक्त इथे बनतं, वाहतं रक्त थांबवणारे कण इथेच बनतात, तुमच्याकडे ते बनणं बंद पडलं आहे असं वाटतं, आणि म्हणून डाग उठतात.

तिनं पट्टीवरून पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मारल्यानं नाही."

"नाही."

"हे तुम्ही दादाला सांगाल? मी सांगून सांगून थकली जी."

एवढी मोठी कळ सोसल्यावर, आपल्याला काय झालं आहे, आपण वाचू की नाही, हे न विचारता तिनं हे विचारलं.

मगजाची काच रंगवली. निरोगी मगज म्हणजे दाटीवाटीची वस्ती असते, पेशीला पेशी लागून. कमलच्या मगजात चरबीचे रिकामे गोल होते आणि त्यांच्यामध्ये चार-दोन चुकार पेशी. ती मोठी पेशी एकही नाही. मी सगळी काच पालथी घातली.

डॉक्टरांनी दिनकरला आत बोलावलं. मधुकर चार दिवसांपासून वॉर्डच्या बाहेर व्हरांड्यात बसून होता. दिनकर त्याला आत जाऊ देत नव्हता. डॉक्टरांनी त्यालाही बोलावलं. दोघं माझ्या टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले. मी आधी दुसऱ्या एका रोग्याच्या निरोगी मगजाची काच लावली. त्यातली मोठी पेशी दोघांनाही दाखवली. मग कमलची काच लावली.

दिनकर डोळा लावून वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "मला काही दिसून नाही राहिलं," तो म्हणाला.

"वही तो बात है," डॉक्टर म्हणाले. "कुछ है ही नहीं. ये दाग किसी के मारने से नहीं हैं. इसको कोई उंगली भी लगाए तो निशान पड़ेगा."

दिनकर सरळ झाला. त्यानं मधुकरकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना विचारलं, "मतलब इसने मारा नहीं?"

"नहीं."

मधुकरनं त्याच वेळी मला विचारलं, "भाऊ, वाचते का ती?"

एकाच काचेकडे पाहून दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले. मधुकरच्या प्रश्नाचं उत्तर मी डॉक्टरांवर ढकललं आणि डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. दिनकर बाहेर निघून गेला. मधुकरच्या प्लास्टरच्या हाताला बाजूनं वळसा घालून गेला. माफीचा शब्द त्यानं तेव्हा काढला नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे नंतरही कधी काढला नाही.

मगज रिकामा का होतो, याची कारणं पुष्कळ आहेत आणि निम्म्या वेळा कारण सापडतच नाही. इथे सापडलं. डॉक्टरांनी कमलला विचारलं, काम काय करता? तिनं सांगितलं. डॉक्टरांचा चेहराच बदलला. ते सुलेशन पातळ करायला जे वापरतात ते बेंझीन. त्याची वाफ श्वासातून जाते आणि महिनोन्महिने गेली की हाडातल्या त्या वस्तीचा निकाल लावते. पुस्तकात छापलेलं होतं. आमच्याकडच्या पुस्तकातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला घेऊन शेडवर गेले. आत पाऊल टाकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कव्हरावर धूळ बसली की लष्कर माल नापास करतं, म्हणून खिडक्या आधीपासूनच बंद असत. आता ब्लॅकआउटसाठी फटींवरही काळा कागद चिकटवलेला. दिवसाढवळ्या दिवे लावून बाया ब्रश मारत होत्या. सेठ भला दिसणारा माणूस होता. त्यानं खुर्च्या मागवल्या, चहा मागवला.

डॉक्टर म्हणाले, "खिड़कियां खुलवाइए. पंखे लगवाइए. ये औरतें मर जाएंगी."

सेठ म्हणाला, "डॉक्टर साहब, माल फौज का है. खिड़की खोलूं और माल फेल हो जाए, तो बॉर्डर पर जो लड़का भीगेगा उसको आप जवाब देंगे?"

हे तो मनापासून म्हणत होता. त्याचा स्वतःचा पुतण्या फौजेत होता. त्यामुळे त्याच्याशी भांडणं आणखी कठीण.

डॉक्टरांनी बायांना रक्त तपासायला या म्हणून सांगितलं. एक नागपूरकडची म्हातारी होती, ती मला मराठीत म्हणाली, "डोकं दुखते जी पहिले, मग सवय होते. तुम्ही शेड बंद कराल तर आम्ही खाऊ काय?" थोड्याच जणी आल्या. त्यातल्या दोघींच्या प्लेटलेट्स खाली गेल्या होत्या. त्यांना आम्ही सांगितलं, काम सोडा. एकीनं सोडलं. डॉक्टरांनी वर लिहून कळवलं, पुन्हा लिहिलं, स्वतः जाऊन भेटले. सगळीकडे एकच उत्तर, लढाई चालू आहे. लढाई संपली, लष्कराची ऑर्डर संपली, आणि शेड आपोआप बंद पडला. त्यानंतर कुणीतरी चौकशीला आलं म्हणतात. त्याला तिथे कुलूप दिसलं.

कमलला वाचवायला त्या काळी आमच्याकडे काय होतं? प्लेटलेट वेगळ्या काढून पिशवीत भरायची सोय आम्ही फक्त मासिकात पाहिली होती. आमच्याकडे काचेच्या बाटल्या होत्या. फ्रिजमध्ये ठेवलेल्या रक्तात तांबड्या पेशी टिकतात, प्लेटलेट टिकत नाहीत. म्हणून कमलला ताजं रक्त हवं होतं, दात्याच्या हातातून काढलं की लगेच तिच्या हातात. तेही पुन्हा पुन्हा.

आणि त्याच आठवड्यात आमच्या हॉस्पिटलच्या आवारात जवानांसाठी रक्तदानाचं शिबिर होतं. फाटकापर्यंत रांग. ढोल, हारतुरे, घोषणा. त्या शेडच्या सेठनंही पहिल्या दिवशी रक्त दिलं आणि त्याच्या गळ्यात हार पडला. मी त्या रांगेत फिरलो. दोन भिंतींपलीकडे एक बाई आहे, तिला आत्ताच्या आत्ता रक्त हवं आहे, येता का? एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "मैं तो फौजी के लिए आया हूं." दुसऱ्यानं विचारलं, "सर्टिफिकेट मिलेगा?" एक ओळखीचे मराठी गृहस्थ होते, मंडळात भाषणं करणारे. ते हळूच म्हणाले, "नवऱ्यानं मारलेली तीच ना? त्या भानगडीत आपण कशाला?" मी त्यांना सगळं सांगितलं, हाड, मगज, मोठी पेशी, बेंझीन. त्यांनी मान डोलावली आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकले.

शेवटी आला तो एक फौजीच. ट्रक चालवणारा शीख, रांगेच्या कडेला उभा राहून ऐकत होता. बाही वर करत म्हणाला, "मेरा ले लो. बाकी लोग मेरे लिए दे रहे हैं ना, हिसाब बराबर." त्याचं रक्त जुळलं.

बाकीचं रक्त दिनकरनं दिलं. हे मी लिहिलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. मधुकरचा गट जुळेना, दिनकरचा जुळला. त्यानं दिलं, काही दिवसांनी पुन्हा दिलं, आणि डॉक्टर नको म्हणत असताना तिसऱ्यांदाही बाही वर करून बसला. "घ्या म्हणतो ना," तो माझ्यावर खेकसला. "माझ्या अंगात पुष्कळ आहे." त्याच्या रक्तानं कमलच्या हिरड्या चार-आठ दिवस कोरड्या राहत आणि मग पुन्हा वाहू लागत. तेवढंच आयुष्य असतं त्या तुकड्यांचं.

त्या कोरड्या दिवसांत ती हसायचीसुद्धा. मधुकरला आता आत येऊ देत. तो स्टुलावर बसून डाव्या हातानं तिला संत्री सोलून द्यायचा. एकदा मी सुई काढत होतो तेव्हा दोघंही जवळ होते, नवरा आणि भाऊ. ती भावाला म्हणाली, "दादा, माझं काही झालं तर नंदाला यांच्याजवळ ठेवजो. ते एकटे पडतील." दिनकर म्हणाला, "काही नाही होत तुला." ती म्हणाली, "पण हो म्हण." तो हो म्हणाला. मी ऐकलं आहे.

लढाई जिंकली, फटाके वाजले, खिडक्यांवरचे काळे कागद निघाले. जानेवारीत एका सकाळी तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मेंदूतल्या बारीक वाहिनीला भोक पडलं असणार. बुजवायला कुणी नव्हतं. शिबिरातल्या बाटल्यांपैकी ज्या लागल्या नाहीत त्यांची मुदत संपली आणि त्या आम्ही ओतून टाकल्या. नियमाप्रमाणेच. मी स्वतः ओतल्या.

तेराव्याला मधुकर माझ्याकडे आला. "भाऊ, एकदा तिथे येऊन सांगता का? माझं कुणी ऐकून नाही राहिलं." मी गेलो. क्वार्टरच्या अंगणात पंचवीस-तीस माणसं बसली होती. मी उभा राहून सगळं सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझं झाल्यावर एक वयस्कर बाई उसासा टाकून म्हणाली, "असेल बाप्पा तसं. पण हात उचललाच असेल ना कधी? उगीच कोणाचं नाव होते काय?" दोघी-तिघींनी माना हलवल्या. दिनकर तिथेच बसला होता. त्याच्या एका शब्दानं काम झालं असतं. तो जमिनीकडे पाहत राहिला. निघताना त्यानं नंदाला कडेवर घेतलं आणि घेऊन गेला. मधुकर फाटकापर्यंत मागे गेला आणि तिथून परत फिरला.

नंतर कित्येक वर्षं मी रक्तच मोजत होतो. प्लेटलेटच्या पिशव्या आल्या, मोजणारी यंत्रं आली. डॉक्टर तिवारी गेले. मी निवृत्तीला आलो होतो तेव्हा एक गरोदर बाई तपासणीला आली. मी सुई तयार करत असताना म्हणाली, "काका, प्लेटलेट पण पाहाल? माझ्या आईला रक्ताचा आजार होता." बोलणं बरंचसं हिंदी वळणाचं, मधूनच मराठी.

मी विचारलं, काय आजार?

"मेरे पिताजी बहुत मारते थे. मार खाऊन खाऊन तिचं रक्त आटलं, असं मामाजी सांगतात."

मी आईचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मी सुई खाली ठेवली, दार लावून घेतलं आणि तिला खुर्चीवर बसवून पहिल्यापासून सांगितलं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मामाजींना माहीत होतं?"

"त्यांनी माझ्याच मायक्रोस्कोपमधून पाहिलं होतं."

ती रडली नाही. म्हणाली, "मामाजींनी मला स्वतःच्या मुलींपेक्षा जास्त केलं. शिकवलं, लग्न केलं. त्यांना मी काय बोलू आता?" मग म्हणाली, "एक माणूस शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहायचा. मामाजींनी सांगून ठेवलं होतं, तो दिसला की पळत घरी यायचं. मी पळायची."

तिच्या प्लेटलेट्स उत्तम निघाल्या. पुढच्या रविवारी ती मला घेऊनच तिलवाऱ्याच्या रस्त्याला गेली. मधुकर निवृत्त होऊन तिथे दोन खोल्यांत राहत होता. दुसरं लग्न झालंच नाही; बायको मारणारा म्हणून नाव झाल्यावर मुलगी कोण देणार? त्यानं दार उघडलं. मला ओळखलं. तिच्याकडे पाहून परक्या बाईसमोर माणूस जसा बाजूला होतो तसा बाजूला झाला. मी सांगितलं, ही नंदा. तिला सगळं माहीत झालं आहे.

त्यानं दाराचं दुसरं कवाडही उघडलं. मग म्हणाला, "या ना. बसा तुम्ही. पाणी घ्याल?"

"बाबा," ती म्हणाली, "मला काहून 'तुम्ही' म्हणता?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि अगदी अवघडून म्हणाला, "एवढ्या मोठ्या झाल्या तुम्ही. एकदम कसं म्हणू?"

आणि पाणी आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.